कादंबरीकाराचे वाचन आणि निर्मितिप्रक्रियेचे कथन : काही प्रश्न

प्रास्ताविक

महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाचे उद्घाटन, ग्रंथमहोत्सव किंवा गावातील व्याख्यानमाला अशा निमित्तांनी कादंबरीकाराला निमंत्रित करण्याची प्रथा मराठीत आता चांगलीच रुळली आहे. या कार्यक्रमाचा साचाही ठरून गेला आहे. दीपप्रज्वलन, परिचय आणि सत्कार यांत पाऊण तास जातो. त्यानंतर लेखक आपल्या कादंबरीतील दोन-चार पाने वाचून दाखवतो आणि उरलेला सर्व वेळ ही कादंबरी आपल्याकडून कशी लिहून झाली याच्या कथनाला देतो. श्रोत्यांनाही बहुतेक वेळा हाच भाग हवा असतो. वाचलेली पाने सभागृहातून बाहेर पडेपर्यंत विसरली जातात. कादंबरी किती दिवसांत लिहिली, कोणत्या प्रसंगातून सुचली, नायक प्रत्यक्षात कोण होता, ही माहिती मात्र वहीत उतरते. पुढे ती उत्तरपत्रिकेत येते आणि आणखी काही वर्षांनी एखाद्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात 'लेखकाची भूमिका' या मथळ्याखाली स्थिरावते.

लेखकाने स्वतःच्या लेखनाविषयी सभेत सांगितलेले कथन समीक्षेने कोणत्या दर्जाचे मानावे, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. ते कथन पुरावा आहे, स्मरण आहे, की कादंबरीकारानेच रचलेली आणखी एक छोटी कादंबरी आहे? त्याच्याशी जोडलेला दुसरा प्रश्न असा की, मराठी कादंबरी ऐकली का जात नाही? ती वाचली जाते, अभ्यासली जाते, तिच्यावर चर्चासत्रे होतात. पण ती सलग कानावर पडण्याचे प्रसंग फारच थोडे. हे दोन्ही प्रश्न पुण्या-मुंबईच्या सभागृहांपेक्षा ग्रामीण भागातील महाविद्यालयांत अधिक तीव्रतेने उभे राहतात. म्हणून येथे बारामती-इंदापूरचा परिसर आणि त्यातही पुणे-सोलापूर महामार्गावरील लोणी देवकरसारखे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे.

ऐकण्याची परंपरा असलेला श्रोता

लोणी देवकरच्या परिसरातील श्रोता साहित्यश्रवणाला नवखा नाही. जगद्गुरू तुकाराम महाराजांच्या पालखीचा मार्ग बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असा या भागातून जाऊन नीरा ओलांडतो आणि अकलूजकडे वळतो. गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह होतात. त्यात ज्ञानेश्वरीचे पारायण होते आणि रात्री कीर्तन. सात दिवस एकच ग्रंथ क्रमाने, न गाळता, सामुदायिक रीतीने वाचला जातो. पारायणाचे वाचन चालवणाऱ्याला 'व्यासपीठचालक' म्हणतात, ही गोष्ट येथे मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. व्यासपीठ हा शब्द मुळात ग्रंथ वाचणाऱ्याच्या आसनाचा आहे. आधुनिक साहित्यव्यवहाराने हा शब्द उचलला. परंतु त्यावरील ग्रंथ खाली ठेवला आणि ती जागा भाषणाला, सत्काराला व मनोगताला दिली. आजच्या साहित्यिक व्यासपीठावर ग्रंथ बहुधा प्रकाशनापुरताच येतो, तोही रंगीत कागदात गुंडाळून.

कीर्तनाची रचनाही या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. वारकरी कीर्तनकार एक अभंग घेतो आणि दोन तास त्याच्याभोवती फिरतो. प्रत्येक वळणावर मूळ शब्द पुन्हा म्हटला जातो. निरूपण कितीही दूर गेले तरी संहिता श्रोत्याच्या कानातून सुटत नाही. नारदीय पद्धतीत पूर्वरंगातील निरूपणानंतर उत्तररंगात आख्यान येते. कादंबरीकाराच्या कार्यक्रमात मात्र निरूपणच आख्यानाला गिळून टाकते. कीर्तनाला बसलेल्या माणसाला तुकोबांनी अमुक अभंग किती वेळात रचला असा प्रश्न सहसा पडत नाही. त्याला अभंगाचा अर्थ हवा असतो आणि चाल हवी असते. तोच माणूस कादंबरीच्या कार्यक्रमाला आला की, सुचण्याविषयी विचारू लागतो. हा बदल श्रोत्यात झालेला नसून कार्यक्रमाच्या रचनेने त्याच्यावर लादलेला आहे, असे म्हणावे लागते.

कथाकथनाचा यशस्वी, पण अडचणीचा वारसा

लेखकाने स्वतःच्या तोंडाने स्वतःचे साहित्य ऐकवावे ही कल्पना मराठीत नवी नाही. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगांवकर यांनी काव्यवाचनाचे कार्यक्रम करून नवी कविता लहान-मोठ्या गावांपर्यंत नेली. गद्याच्या बाबतीत हे काम द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांच्या कथाकथनाने केले. १९६० च्या दशकापासून या तिघांनी महाराष्ट्रभर कथाकथनाचे असंख्य कार्यक्रम केले. पुस्तक विकत न घेणारा, कदाचित लिहिता-वाचता न येणारा श्रोताही त्यामुळे मराठी कथेला मिळाला. पुढे हे तिघेही अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले : माडगूळकर १९८३ मध्ये अंबाजोगाईला, पाटील १९८५ मध्ये नांदेडला आणि मिरासदार १९९८ मध्ये परळी वैजनाथला. यांपैकी मिरासदार (१९२७-२०२१) जन्माने अकलूजचे, म्हणजे इंदापूर तालुक्याच्या सीमेवरील नीरा नदीच्या पैलतीराचे. त्यांच्या कथेतील बेरकी, गप्पिष्ट माणसे या भागाला परकी वाटत नाहीत, याचे एक कारण हेही असावे.

या त्रयीपैकी दोघे महत्त्वाचे कादंबरीकार होते. माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ मध्ये आणि शंकर पाटलांची 'टारफुला' १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली. मात्र त्यांच्या कार्यक्रमाला 'कथाकथन' हेच नाव मिळाले आणि लोकांच्या स्मरणात राहिल्या त्या कथाच. 'धिंड' किंवा 'भुताचा जन्म' आजही माणसे एकमेकांना सांगतात. 'टारफुला' कोणी कोणाला सांगत नाही. ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या या तणाचे नाव इंदापूरच्या शेतकऱ्याला कोशात शोधावे लागत नाही. पाटलाची जरब संपल्यावर गावात जी पोकळी आणि दहशत निर्माण होते तीही त्याच्या परिचयाची असते. तरीही कादंबरी त्याच्यापर्यंत पोचली ती अभ्यासक्रमाच्या वाटेने, म्हणजे मुलाच्या दप्तरातून.

याचे एक कारण उघड आहे. कथा एका बैठकीत संपते, कादंबरी संपत नाही. पण एवढ्यावर थांबता येणार नाही, कारण सात दिवस ज्ञानेश्वरी ऐकणारा श्रोता येथेच आहे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. कथाकथनाने श्रोत्याच्या हशाला लेखनाच्या केंद्राशी आणून बसवले. ग्रामीण कथा इरसालपणाकडे, किश्श्याकडे आणि शेवटच्या कलाटणीकडे झुकली ती कथाकथनामुळे, अशी तक्रार मराठी समीक्षेत वारंवार झाली आहे. तक्रार सरसकट मान्य करण्याजोगी नाही. शंकर पाटलांच्या 'वळीव' (१९५८) या संग्रहातील हळवा, आतल्या आत घुसमटणारा सूर कथाकथनाच्या आधीचा आहे, आणि त्यांनी तो नंतर पूर्णपणे सोडला असे दिसत नाही. त्यांच्या अनुकरणातून निर्माण झालेल्या कथेला मात्र हा आक्षेप पुरेपूर लागू पडतो. मुद्दा असा की, सभेत सांगणे ही लेखनानंतरची निरुपद्रवी क्रिया नसते. जे सभेत खपते ते पुढच्या लेखनात शिरते. कथेच्या बाबतीत हे मराठीने मान्य केले. निर्मितिप्रक्रियेच्या कथनाच्या बाबतीत तो विचार अद्याप झालेला नाही.

शाहिरीतून आलेल्या अण्णा भाऊ साठे यांचे उदाहरणही येथे आठवते. रंगमंचावर हजारोंना ऐकवणारा हा लेखक 'फकिरा' (१९५९) लिहितो तेव्हा कादंबरीच्या गद्यात पोवाड्याचा आवेग उतरतो. तो आवेग मूक वाचनात अतिरंजित वाटतो, म्हणून शिष्ट समीक्षेने बराच काळ नाक मुरडले. ही कादंबरी मोठ्याने वाचली तर तिच्यातील अतिशयोक्तीचे प्रयोजन समजते. येथे ऐकणे हे रसग्रहणाचे साधन ठरते. ती केवळ करमणूक उरत नाही.

प्रक्रियेच्या कथा आणि त्यांनी न सांगितलेल्या गोष्टी

मराठी कादंबरीकारांनी आपल्या लेखनाविषयी कमी सांगितलेले नाही. ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधन' (१९३१) मध्ये लेखनतंत्राचे जवळजवळ शास्त्रच मांडले. वि. स. खांडेकरांनी आपल्या पुस्तकांना दीर्घ प्रस्तावना जोडल्या आणि 'ययाति' (१९५९) च्या शेवटी 'पार्श्वभूमी' लिहून ही कथा आपल्या मनात कशी वाढत गेली ते सविस्तर नोंदवले. ही दोन्ही कथने लिखित आहेत, त्यामुळे ती तपासता येतात. फडक्यांनी सांगितलेले तंत्र त्यांच्याच कादंबरीत कोठे सांभाळले गेले आणि कोठे निसटले हे दाखवता येते. सभेतील कथन असे हाती लागत नाही. ते दर कार्यक्रमात थोडे बदलते, श्रोत्यांच्या प्रतिसादाने घोटीव होते, आणि दहा वर्षांनी खुद्द लेखकालाही त्याचा मूळ आकार आठवत नाही.

'कोसला' हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. भालचंद्र नेमाडे यांनी पंचविशीत, सांगवी या आपल्या गावी, सुमारे दोन आठवड्यांत ही कादंबरी लिहिली आणि १९६३ मध्ये देशमुख आणि कंपनीने ती प्रसिद्ध केली, ही हकिगत मराठी वाचकांत दंतकथेसारखी फिरते. ती खोटी मानण्याचे कारण नाही. प्रश्न तिच्या उपयोगाचा आहे. या हकिगतीवरून विद्यार्थ्याचा असा समज होतो की, 'कोसला' हे एका झपाट्यातले, सावरून न घेतलेले आत्मकथन आहे. कादंबरी उघडली की हा समज टिकत नाही. तीत रोजनिशी आहे, बखरीच्या आणि इतिहासलेखनाच्या शैलीचे विडंबन आहे, अजिंठ्याच्या लेण्यांतील प्रसंग आहे, आणि मनूच्या मृत्यूचे प्रकरण आहे, ज्याच्यासाठी आधीचा सारा उपरोध राखून ठेवल्यासारखा वाटतो. इतक्या निरनिराळ्या गद्यरीती एका आवाजात वळवण्यासाठी लागलेला काळ पंधरा दिवसांचा नसतो. तो कॉलेजच्या वर्षांचा, नियतकालिकांच्या वाचनाचा आणि खानदेशी बोलीच्या सहवासाचा असतो. कागदावर उतरवण्याला लागलेले दिवस म्हणजे निर्मितीचा काळ नव्हे. पुढे 'झूल' (१९७९) आणि 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०) यांमध्ये एकतीस वर्षे गेली. पहिल्या कादंबरीचा वेग ज्यांना प्रतिभेचा पुरावा वाटतो, त्यांनी दुसऱ्या आकड्याचे काय करायचे?

'कोसला' मोठ्याने वाचली तर काय होते, हा प्रश्न या हकिगतीपेक्षा अधिक फलदायी आहे. पांडुरंग सांगवीकरच्या निवेदनातील 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे शब्द डोळ्यांनी वाचताना लकब वाटतात. दोन पिढ्यांनी त्यांचे अनुकरण केले तेही लकब म्हणूनच. वर्गात ती पाने वाचली की सुरुवातीला हशा होतो. वाचन लांबत गेले की हाच 'वगैरे' बोलता बोलता काहीतरी टाळणाऱ्या, पुढचे वाक्य गिळणाऱ्या तरुणाचा श्वास होतो. मनूच्या मृत्यूपर्यंत पोचलेल्या वर्गाला तो शब्द पूर्वीसारखा हसवत नाही. लेखनाची प्रक्रिया म्हणतात ती येथे ऐकू येते, आणि तिच्यासाठी लेखकाच्या मनोगताची गरज पडत नाही.

गंमत अशी की, सभासंमेलनांच्या या व्यवहारावर मराठीतील सर्वांत तिखट लेखन नेमाड्यांनीच केले आहे. लेखकाचा 'लेखकराव' का होतो, हा प्रश्न शीर्षकातच विचारणारा त्यांचा निबंध पुढे 'टीकास्वयंवर' (१९९०) मध्ये समाविष्ट झाला. व्यासपीठ, सत्कार आणि प्रतिष्ठा लेखकाला लेखनापासून कशी तोडतात हा त्यांचा आक्षेप आजही जुना झालेला नाही. मराठीत अत्यंत उत्सुकतेने ऐकल्या जाणाऱ्या वक्त्यांमध्ये नंतर त्यांचीच गणना झाली. ही विसंगती म्हणून हिणवण्याचे कारण नाही. लेखकरावपणा हा व्यक्तीचा दोष कमी आणि कार्यक्रमाच्या साच्याचा दोष अधिक आहे, एवढेच यातून सिद्ध होते. जी. ए. कुलकर्णी यांनी हा साचाच नाकारला. ते समारंभांपासून कटाक्षाने दूर राहिले. ते कादंबरीकार नव्हते, पण त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या पत्रांतून त्यांच्या लेखनविचाराविषयी जे कळते ते शंभर मुलाखतींतून कळले असते का, याविषयी शंका घेता येते. पत्रात समोर टाळ्या नसतात.

शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय' (१९६७) विषयीची हकिगत वेगळ्या प्रकारची आहे. तिच्यात झपाटलेपणाबरोबर परिश्रम आहेत : कोल्हापुरातील एक तरुण शिक्षक कर्णाच्या शोधात कुरुक्षेत्रापर्यंत प्रवास करतो. ही कथा ऐकणाऱ्याला भारावून टाकते. पण कादंबरीच्या घडणीतील कळीचा निर्णय प्रवासाचा नसून निवेदकांचा आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा सहा जणांनी आपापल्या तोंडून कथा सांगणे, ही 'मृत्युंजय'ची खरी रचना. 'ययाति'मध्ये आठ वर्षे आधी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा अशीच आळीपाळीने बोलतात. या दोन रचनांचे नाते काय, सहा आवाज खरोखर सहा वाटतात की एकाच भरजरी शैलीचे सहा मुखवटे, हे प्रश्न कुरुक्षेत्राच्या प्रवासकथेतून सुटत नाहीत. दोन निवेदकांची दोन पाने एकापाठोपाठ मोठ्याने वाचली तर बरेचसे उत्तर कानालाच मिळते. (ते उत्तर 'मृत्युंजय'च्या चाहत्यांना फारसे रुचणार नाही.)

'बनगरवाडी'च्या बाबतीत वेगळीच गफलत होते. माडगूळकरांनी तरुणपणी काही काळ शिक्षकाची नोकरी केली होती. त्यामुळे कादंबरीतील राजाराम सौंदणीकर मास्तर म्हणजे खुद्द लेखकच, असा निष्कर्ष विद्यार्थी क्षणात काढतो. त्यानंतर धनगरवाडीतील तालीम, तिच्या उद्घाटनाला येणारे राजेसाहेब, कारभारी, आनंदा रामोशी हे सारे 'खरेच असले पाहिजेत' या कोटीत जाते. मग लेखकाने काय निवडले, काय गाळले, दुष्काळाने वाडी रिकामी होत असतानाचे गद्य इतके कोरडे का ठेवले, हे विचारण्याची निकडच उरत नाही. बारामती-इंदापूरच्या जिरायती भागातील ज्या मुलांनी मेंढरांमागे चालणारी कुटुंबे पाहिली आहेत, त्यांना या कोरडेपणाची किंमत कळू शकते. माडगूळकर दीर्घकाळ पुणे आकाशवाणीवर ग्रामीण श्रोत्यांसाठीच्या विभागात होते; ऐकणाऱ्यासाठी लिहिण्याची शिस्त त्यांना ठाऊक होती. 'बनगरवाडी' त्याआधी लिहिली गेली असली तरी तिची छोटी वाक्ये कानाला लगेच पटतात.

बोलीतील कादंबरीच्या संदर्भात वाचनाचा प्रश्न अधिक अवघड होतो. उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) वऱ्हाडी संवादांवर उभी आहे. आनंद यादव यांच्या 'गोतावळा' (१९७१) मध्ये तर नारबा हा शेतगडी सारी कादंबरी स्वतःच्या बोलीत सांगतो. मळ्यावर ट्रॅक्टर येतो आणि त्याच्या भोवतीचा जनावरांचा गोतावळा उधळला जातो. या कादंबऱ्या शिकवताना प्राध्यापक आशय प्रमाण मराठीत सांगतो आणि बोली 'भाषिक विशेष' म्हणून शेवटी नोंदवतो. कागलकडची बोली इंदापूरच्या वर्गात परकीच असते, पण तिचा ताल परका नसतो. लेखकाने स्वतः ती पाने वाचली तर त्या भाषेतील आघात आणि थांबे प्रथमच समोर येतात. आनंद यादव यांच्या निधनाला आता दशक होत आले आहे. त्यांच्या पिढीच्या बहुतेक कादंबरीकारांचा आवाज आता नव्याने ऐकणे शक्य नाही. ते हयात असताना आपल्या महाविद्यालयांनी त्यांना बोलावले, फेटे बांधले आणि त्यांच्याकडून मनोगते घेतली. त्यांच्या तोंडून त्यांच्या कादंबऱ्यांची चाळीस सलग पाने नोंदवून ठेवण्याचे काम मात्र सहसा कोणाला सुचले नाही.

उजनीच्या काठावर 'झाडाझडती'

लोणी देवकरच्या परिसरात हा सारा प्रश्न एका विशिष्ट कादंबरीपाशी येऊन थांबतो. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाने इंदापूर तालुक्याच्या उत्तर कडेची गावठाणे आणि काळी जमीन पोटात घेतली. याच महामार्गावरील पळसदेव हे त्यांपैकी एक. तेथील पळसनाथाचे प्राचीन मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते आणि माणसे ते पाहायला जातात. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी राज्याने १९७६ मध्ये कायदा केला होता. कायदा, नोटीस, मोबदला, पर्यायी जमीन, लाभक्षेत्र, बुडीत क्षेत्र हे शब्द येथील घराघरांत वापरून गुळगुळीत झाले. जलाशयातून पाणी उपसून ऊस करणारे हात आणि त्याच जलाशयात जमीन गेलेले हात कधी एकाच घरातले असतात.

विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. जांभळी या गावाचे धरणामुळे उठणे, विस्थापितांची फरफट आणि खैरमोडे गुरुजींची झुंज हा तिचा विषय. लेखक स्वतः प्रशासकीय सेवेत होते. त्यामुळे या कादंबरीच्या निर्मितीची कोणतीही हकिगत ऐकताना श्रोत्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो अधिकाऱ्याने पाहिलेल्या सत्याचा. ही कादंबरी उजनीच्या काठावरच्या एखाद्या महाविद्यालयात वाचली गेली तर सभागृहात बसलेल्या निम्म्या विद्यार्थ्यांच्या घरी जांभळीची स्वतःची आवृत्ती असेल. 'हे खरेच घडले का?' हा प्रश्न येथे बाळबोध ठरत नाही. तो हक्काचा असतो.

आणि तरीही हाच प्रश्न कादंबरीवर अन्याय करतो. लेखकाने 'होय, घडले' असे सांगितले की, कादंबरी अहवालाच्या रांगेत जाऊन बसते. मग तिच्यापेक्षा मूळ अहवाल अधिक विश्वसनीय ठरतो. 'नाही, कल्पित आहे' असे सांगितले की, धरणग्रस्त श्रोत्याला फसवल्यासारखे वाटते. या कोंडीतून निर्मितिप्रक्रियेचे कथन बाहेर काढू शकत नाही, कारण त्याची सारी भिस्त अनुभवाच्या खरेपणावर असते. कादंबरीची ताकद आणि मर्यादा मात्र अन्यत्र आहेत. कार्यालयीन भाषेने माणसाच्या दुःखाचे जे प्रकरण करून टाकले, ती भाषा कादंबरी कोठे परतवते आणि कोठे तिच्यातच अडकते? खैरमोडे गुरुजींच्या सच्चेपणाने इतर पात्रांवर सावली पडते का? शोषक आणि शोषित यांची विभागणी इतकी स्वच्छ का राहते, जेव्हा उजनीकाठच्या घरात धरण एका भावाला बुडवते आणि दुसऱ्याला उसाचे पाणी देते? शेवटचा प्रश्न विचारण्याचा अधिकार या भागातील वाचकाला विशेष आहे. 'झाडाझडती'च्या चर्चेत तो पुरेशा गांभीर्याने विचारला गेला नाही, असे म्हणण्यास जागा आहे. लेखकाला समोर बसवून आधी पाने ऐकली आणि मग हा प्रश्न केला, तर लेखकाकडूनही पाठ झालेल्या हकिगतीपेक्षा वेगळे काही निघेल.

अध्यापनातील प्रश्न

मराठीत कादंबरीचे कच्चे खर्डे जपण्याची आणि अभ्यासकांसाठी खुले करण्याची पद्धत रुजलेली नाही. हरिभाऊ आपट्यांच्या काळात 'करमणूक' साप्ताहिकात कादंबरी प्रकरणाप्रकरणाने येई; वाचकांच्या डोळ्यांदेखत ती वाढे, कधी रेंगाळे, आणि काही अपूर्णच राहिल्या. त्या क्रमशः छापील पानांत प्रक्रियेचा माग तरी आहे. आज संगणकावर लिहिणाऱ्या कादंबरीकाराचा पहिला खर्डा पुढच्या खर्ड्यात पुसला जातो. अशा स्थितीत लेखकाच्या तोंडची हकिगत हेच एकमेव साधन उरते आणि म्हणून ती फेकून देता येत नाही. तिच्याकडे इतिहासाच्या अभ्यासकाने बखरीकडे पाहावे तसे पाहावे लागते : कोणी, केव्हा, कोणासमोर आणि कशासाठी सांगितली हे विचारून, आणि प्रत्येक विधान कादंबरीच्या पानाला लावून.

त्यासाठी प्रश्नांची दिशा बदलावी लागेल. 'कसे सुचले?' या प्रश्नाला सभ्य लेखकही तयार उत्तरच देतो. कोणते प्रकरण काढून टाकले, निवेदक बदलून पाहिला होता का, अमुक संवाद आधी प्रमाण भाषेत होता का, संपादकाने काय बदलायला सांगितले आणि लेखकाने काय मानले नाही, असे प्रश्न विचारण्यासाठी विचारणाऱ्याने कादंबरी वाचलेली असावी लागते. येथेच खरी अडचण आहे. लेखक येण्याच्या आदल्या दिवशी ग्रंथालयातील एकुलती एक प्रत परिचय करून देणाऱ्या प्राध्यापकाच्या घरी असते.

श्राव्य पुस्तके आणि समाजमाध्यमांवरील ध्वनिचित्रफिती यांमुळे कादंबरी पुन्हा कानावर येऊ लागली आहे, हे खरे. परंतु श्राव्य पुस्तक बहुधा व्यावसायिक अभिनेता वाचतो. त्याचे उच्चार शुद्ध असतात आणि नारबाच्या वाक्यात कागलचा चिखल उरत नाही. ध्वनिचित्रफितींमध्ये पुन्हा वाचनापेक्षा मुलाखतच अधिक पाहिली जाते. महाविद्यालयाला या दोहोंपेक्षा वेगळे काही करता येण्याजोगे आहे आणि त्याला खर्च फारसा नाही. लेखकाने एक प्रकरण सलग वाचावे, श्रोत्यांच्या हाती त्याच प्रकरणाच्या प्रती असाव्यात, सत्कार शेवटी व्हावा किंवा होऊ नये, आणि मनोगताऐवजी वाचलेल्या पानांवरच तासभर बोलणे व्हावे. सप्ताहात व्यासपीठचालकाच्या मागे ओवी धरणारा श्रोता या मांडणीत गोंधळणार नाही. गोंधळतील ते आयोजक.

सुरुवात करायची झाल्यास 'झाडाझडती'तील गाव उठण्याची पाने उन्हाळ्यात, पळसनाथाचे मंदिर पाण्याबाहेर आलेले असताना, लोणी देवकरच्या शाळेत वाचावीत. मोबदल्याच्या पावत्या अजून पेटीत जपून ठेवलेल्या माणसांना पुढच्या रांगेत बसवावे, आणि पहिला प्रश्न त्यांना विचारू द्यावा.